सहा ते नऊ गरम पाणी

मला इटालियन येतं. सगळं येत नाही. हॉटेलात उतरलेल्या माणसाला जेवढं विचारावं लागतं तेवढंच येतं. गरम पाणी आहे का, नाश्ता किती वाजता, आणखी एक उशी मिळेल का, लिफ्ट कुठं आहे. त्यापुढं एक शब्द नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. मला हे इटालियन माझ्या बायकोनं शिकवलं, आणि ती बाई जन्मात बेळगावच्या पलीकडं गेली नव्हती. आता ती नाही. शिकवलेलं तेवढं राहिलंय.

विद्यानगरच्या पुढं मोठ्या रस्त्यावर एक हॉटेल आहे, नाव सांगत नाही. तिथं मी रूमबॉय होतो. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी बॉयच. चादरी बदलायच्या, टॉवेल ठेवायचे, बाथरूम घासायचं, साबण नवा काढून ठेवायचा, घंटी वाजली की पळायचं. गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्यांचे लोक, धान्याचे व्यापारी, कोर्टाच्या कामाला आलेले पक्षकार. कुणी मराठीत हाक मारायचं, कुणी कन्नडमध्ये, कुणी हिंदीत. अडचण कधी आली नाही. हुबळीच्या माणसाला भाषेची अडचण येतच नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. तारिहाळच्या एका कारखान्यानं इटलीहून यंत्रं आणली. ती बसवायला तिकडचीच माणसं आली आणि सगळी आमच्याकडं उतरली. दुसरा मजला पूर्ण त्यांचा. आली ती दोन दिवसांनी जाणारी नव्हती, यंत्र चालू होईपर्यंत राहणार होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्या मॅनेजरला येत होतं, पण त्याचा काय उपयोग.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. साहेबानं काही विचारलं की आम्ही मान हलवायचो. आपली मान कशी हलते ठाऊक आहे ना, हो म्हणताना पण आडवी डुलते. ते बिचारे बघत राहायचे. हो म्हणतोय की नाही म्हणतोय? एकानं टॉवेल मागितला, आमच्यातल्या एकानं मान डुलवली, साहेबाला वाटलं हा नाही म्हणतोय, आणि तो चादरीनंच अंग पुसून मोकळा झाला. मॅनेजर आमच्यावर खवळला. म्हणाला, आजपासून या मजल्यावर कुणी मान हलवायची नाही. तोंडानं सांगायचं. हो म्हणजे ‘सी’. लगेच आणतो म्हणजे ‘सूबितो’. आणि ‘नो’ शक्यतो म्हणायचंच नाही.

मग त्यानं हिशेबाच्या कारकुनाला कामाला लावलं. कारकून त्या लोकांतल्या सगळ्यात वयस्कर साहेबाला घेऊन बसला आणि हॉटेलात लागतील ती वाक्यं उतरवून काढली. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाचा प्रश्न, उजव्या बाजूला आमचं उत्तर. कागद प्रत्येकाला एकेक दिला आणि पाठ करा म्हणाला.

कागद कन्नड लिपीत होता. कन्नड मी बोलतो, भांडतो, शिव्या देतो, पण वाचता येत नाही. मराठी शाळेतला ना. तसाच घडी घालून खिशात टाकला आणि घरी आलो.

बायको कन्नड शाळेत शिकलेली. तिचं माहेर धारवाडच्या बाजूचं खेडं. घरात मराठी बोलायचे, पण तिथं मराठी शाळा नव्हती. सातवी पास. आमच्या घरात असंच होतं. लग्नपत्रिका मराठीत आली तर मी वाचायची, लाईटबिल कन्नडमध्ये आलं की तिनं. ती एका खानावळीत भाकऱ्या थापायची. सकाळपासून दुपार टळेपर्यंत ज्वारीच्या भाकऱ्या. घरी आली की पुन्हा आमच्या. त्या दिवशी पिठाच्या हातानंच कागद उघडून तिनं वाचला आणि हसत सुटली.

“हे काय हो? मंत्र आहे का कुठला?”

“इटालियन आहे. पाठ करायचंय. नाही केलं तर मॅनेजर मला तळमजल्यावर भांडी घासायला पाठवणार.”

“पाठवू दे की. भांडी घासायला तरी शिकाल.”

पण कागद तिनं पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. भाकरी थापता थापता डाव्या बाजूचं वाचायची आणि मी उजव्या बाजूचं म्हणायचं. ती गिऱ्हाईक, मी हॉटेल.

“चे लाक्वा काल्दा?” म्हणजे गरम पाणी आहे का.

“सी, सिन्योरा. दाल्ले सेई आल्ले नोवे.” आहे बाई. सहा ते नऊ. आमच्या हॉटेलात बॉयलर तेवढाच वेळ चालायचा.

“नऊनंतर नाही? असलं कसलं हो हॉटेल तुमचं?”

“हे कागदात नाही. कागदात आहे तेवढंच विचार.”

“मी गिऱ्हाईक आहे. मला वाटेल ते विचारीन.”

त्या कागदात एक प्रश्न होता, चे ला पिशीना? पोहायचा तलाव आहे का. आमच्याकडं तलाव नव्हता, पण साहेबानं सांगितलं म्हणून कारकुनानं लिहिला. हा प्रश्न आला की बायकोला हसू आवरायचं नाही. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी यायचं, कधी दहा दिवस व्हायचे. पाणी आलं की हंडे, कळशा, बादल्या, पातेली, पोरीची शाळेची बाटलीसुद्धा भरून ठेवायची. अशा घरात पोहायचा तलाव विचारायचा म्हणजे. पुढं त्याची घरात पद्धतच पडली. नळ आला नाही आणि पिंपाच्या तळाशी तांब्या खरडायला लागला की ती मोठ्यानं विचारायची, “अहो, पिशीना आहे का?” मी म्हणायचो, “सी, सिन्योरा, न्हाणीच्या मागं.” पोरगी दोघांकडं बघून कपाळाला हात लावायची.

मला सगळं पाठ झालं. हॉटेलात माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं असं नाही, दोघंतिघं होते. पण तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. फक्त ती गिऱ्हाइकाच्या बाजूचं शिकली होती. मी ऐकून घेणार आणि सूबितो म्हणणार. ती मागणार. तिच्या आयुष्यात मागायची बाजू तेवढीच आली.

गरम पाण्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या न्हाणीत कोपऱ्यात तांब्याचा हंडा, खाली चूल. सरपण कमी, पाणी त्याहून कमी. पहिलं पाणी माझं, कारण मला ड्यूटीवर जायचं. मग पोरीचं, कारण शाळा. शेवटी हंड्याच्या तळाला जे राहील त्यात गार मिसळून तिचं. खानावळीतनं येताना तिचे खांदे भरून आलेले असायचे. म्हणायची, एकदा भरपूर कढत पाणी अंगावर घेतलं तर हे दुखणं जाईल. म्हणायची आणि गार पाण्यात हातपाय धुऊन कामाला लागायची. सगळ्याच घरांत असं होतं. मी काही वेगळा नव्हतो, तीही नव्हती.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं पाणी भरायचा सण असतो. इथं त्याला नीर तुंबो हब्ब म्हणतात. न्हाणीचा हंडा चिंचेनं लख्ख घासायचा, त्यावर चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढायचे, गळ्यात कारिटाची वेल बांधायची, भरून ठेवायचा आणि हळदकुंकू वाहायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्यानं अभ्यंग. महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांना हे ठाऊक नाही. बायको मात्र नेमानं करायची. नळ आला नसला तर शेजारून घागरी मागून आणायची, पण त्या दिवशी हंडा काठोकाठ.

त्या वर्षी दिवाळीला कारखाना बंद. तरणे साहेब सगळे गोव्याला गेले. वयस्कर साहेब तेवढा मागं राहिला. खोलीत बसून पत्ते मांडायचा, एकटाच. मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, “मग बोलवा की फराळाला. सणाचं माणूस असं खोलीत कोंडून घेतं होय?”

“तो येईल आणि बोलणार काय?”

“मला येतं की.”

मी त्याला खुणा करून, घड्याळ दाखवून, रिक्षात घालून घरी आणला. गल्लीतली सगळी पोरं मागं. बायकोनं जरीची साडी नेसलेली, दारात उभी. साहेबानं टोपी काढली. आता हिनं या, बसा म्हणायचं. पण तो ‘या बसा’चा कागद तिच्याकडं कुठं होता? तिला फक्त मागायची वाक्यं येत होती. तिनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“बोनजोर्नो. चे उना कामेरा लिबेरा?”

म्हणजे, नमस्कार, खोली रिकामी आहे का?

आपल्याच घराच्या दारात उभी राहून पाहुण्याला. मला भुईत जावंसं वाटलं. साहेबानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग टाच जुळवून आमचा मॅनेजर वाकतो तसा वाकला आणि म्हणाला,

“सी, सिन्योरा. प्रेगो.” आहे बाई, या.

आणि आत शिरला, आमची एकुलती एक खुर्ची होती ती आपल्या रुमालानं पुसली आणि तिला हातानं दाखवलं, बसा. ती माझ्याकडं बघते. मी काय सांगणार? बसली. पाहुणा उभा आणि घरची बाई खुर्चीवर. तिनं विचारलं, नाश्ता किती वाजता? त्यानं घड्याळ बघितलं, फराळाचं ताट उचललं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं चकली घेतली. पोरगी हसून हसून भिंतीला टेकली. मग तिनं विचारलं, चे लाक्वा काल्दा? साहेबानं इकडंतिकडं बघितलं, न्हाणीत तो पट्टे ओढलेला, वेल बांधलेला हंडा दिसला. जवळ गेला. वाकून बघितलं. त्याला काय कळलं देवाला ठाऊक, पण त्यानं हंड्याला हात लावून तो हात छातीला लावला आणि म्हणाला, सी, सिन्योरा. तान्ता. तान्ता म्हणजे पुष्कळ, हे मला पुढं कारकुनानं सांगितलं.

यंत्रं बसली, ते लोक गेले. साहेब जाताना तिच्यासाठी एक छोटा साबण ठेवून गेला, त्यांच्या देशातला. तिनं तो वापरला नाही. साड्यांत ठेवला.

त्यानंतर तिनं एक विषय काढला. “अहो, एकदा तुमच्या हॉटेलात राहू या. खरंच. गिऱ्हाईक म्हणून.”

“कामगाराच्या घरच्यांना खोली देत नाहीत.”

“मग रिटायर झाल्यावर?”

“रिटायर झाल्यावर बघू.”

“मला दुसरं काही नको. तो वरचा नळ सोडायचा आणि खाली उभं राहायचं. कुणी हाक मारायची नाही. संपलं का, संपलं का विचारायचं नाही.”

मी हो म्हटलं. मान हलवून म्हटलं, आपली आडवी.

रिटायर झालो तोवर पोरीचं लग्न होऊन ती धारवाडला गेली होती, आणि बायकोचं पोट दुखायला लागलं होतं. खानावळीतल्या बाया म्हणाल्या पित्त आहे. वैद्यानं पित्ताचं दिलं. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं पोटात गाठ निघाली, पसरलेली. आत ठेवली, सुया झाल्या, बाटल्या झाल्या. दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टर म्हणाला, आता घरी घेऊन जा, जे मागेल ते द्या. शाळा कमी शिकलेल्यालासुद्धा हे वाक्य कळतं.

मी तिला विचारलं, काय हवं? भज्यांच्या आमटीचं म्हणेल, माहेराला न्या म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, “कामेरा.” हॉटेलातली खोली.

गेलो हॉटेलात. माझ्यानंतर सगळं बदललेलं. मालकाचा मुलगा बघत होता, मॅनेजर नवा, काउंटरवर नवी पोरगी. चांगली होती बोलायला. म्हणाली, काका, ओळखपत्र दाखवा. दाखवलं. पत्ता वाचून परत दिलं. “लोकल पत्ता आहे, काका. लोकलला रूम देत नाही.”

हा नियम जुनाच. आमच्याच वेळेपासूनचा. गावातलं माणूस गावातच खोली का घेतं, असा संशय. मला माझ्या बायकोला घेऊन राहायचंय म्हटलं तर ती पोरगीच लाजली.

म्हटलं धारवाडला बघू. पोरीच्या घराजवळ एक लॉज होता. तिथला माणूस ओळखपत्र बघून म्हणतो, “हुबळीचे का? हुबळी-धारवाड महापालिका एकच की हो. म्हणजे तुम्ही लोकलच.” बसमध्ये तासभर बसून आलो आणि लोकलच राहिलो. जावई म्हणाला बेळगावला नेऊ. तिला रिक्षातनं दवाखान्यापर्यंत नेताना जीव घाबरा व्हायचा, बेळगाव कुठलं.

शेवटी जुना सोबती उपयोगी पडला. माझ्या हाताखाली चादरी ओढायला शिकलेला, आता सुपरवायझर झालेला. त्याला सांगितलं. तो कन्नडच बोलायचा, मला अण्णा म्हणायचा. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, “अण्णा, दिवाळीत हॉटेल रिकामं असतं. पाणी भरायच्या दिवशी मॅनेजर गावाला जातो. बारानंतर तू वैनीला घेऊन ये. मागच्या दारानं ये. कोपऱ्यातली खोली उघडून ठेवतो. संध्याकाळच्या आत जा म्हणजे झालं.”

मी घरी येऊन सांगितलं. वाटलं खूश होईल. तिनं डोळे बारीक केले. “मागच्या दारानं? मी गिऱ्हाईक म्हणून जाणार का चोर म्हणून?”

“अगं, मिळतंय ते घे की.”

“गिऱ्हाईक पुढच्या दारानं जातं. नसेल तर राहू दे.”

त्या वर्षी हंडा पोरीनं येऊन घासला. पट्टे मी ओढले, वाकडे आले. बायको अंथरुणावरून बघत होती. म्हणाली, “हंड्याला खरूज झालीय.” मग ती जरीची साडी मागितली. नेसवली तर अंगाला दोन वेढे जास्त बसले. साहेबाचा साबण काढून हातात धरला.

रिक्षा मी पुढच्या दाराशी नेली. होईल ते होऊ दे म्हटलं. दारवान जुनाच होता, मिशीवाला. त्यानं आम्हाला ओळखलं. एवढी वर्षं मी त्याच्या पुढून सायकल ढकलत मागं गेलो होतो. त्यानं काच उघडून धरली आणि तिला सलाम केला. मला नाही, तिला. काउंटरवरच्या पोरीनं आमच्याकडं बघितलं, मग मान खाली घालून फोन उचलला. फोन वाजला नव्हता.

लिफ्टमध्ये ती माझ्या दंडाला धरून उभी. खोलीत पोचलो. पलंगावर बसवली. तिनं चादरीवर हात फिरवला, कोपऱ्याची घडी उचकून बघितली.

“ही घडी तुमची नव्हे.”

“माझी कशी असेल आता?”

“तेच म्हणते. तुमची सरळ असायची.”

मग तिनं सुरू केलं. एकेक प्रश्न, कागदावरच्या क्रमानं. कागद कधीचाच फाटून गेला होता. नाश्ता किती वाजता? मी सांगितलं. आणखी एक उशी मिळेल का? दिली, पाठीला लावली. पिशीना आहे का? मी म्हटलं, सी, सिन्योरा, न्हाणीच्या मागं. पोट धरून हसली, आणि मग नुसतंच पोट धरून बसली. कळ जाईपर्यंत थांबलो.

मग तिनं विचारलं, “चे लाक्वा काल्दा?”

“सी, सिन्योरा,” म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन वरचा नळ सोडला.

गार. थोडं सोडून ठेवलं. पहिलं पाणी पाइपातलं गार येतंच, ते मला ठाऊक होतं. हात धरून उभा राहिलो. गारच. आमच्या वेळी एक गिऱ्हाईक असलं तरी बॉयलर पेटायचा, दिवसभर टाकीत ऊब राहायची. मी त्याच भरवशावर होतो. नव्या मॅनेजरनं पद्धत बदललेली. हॉटेल रिकामं असेल तर बॉयलर पेटवायचाच नाही, असतील त्या दोनचार लोकांना किचनमधून बादली द्यायची. हॉटेल रिकामं म्हणून आम्हाला खोली मिळाली होती, आणि हॉटेल रिकामं म्हणूनच नळाला पाणी गार होतं.

बाहेरून आवाज आला, “काय हो? चे लाक्वा काल्दा?”

नो म्हणायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी म्हटलं, “सूबितो, सिन्योरा.”

पळत खाली गेलो, कामगारांच्या जिन्यानं. किचनमध्ये सुपरवायझरला सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला, म्हणाला अण्णा, मला सुचलंच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. उकळेपर्यंत आम्ही दोघं पातेल्याकडं बघत उभे. बादल्या त्यानं आणि मी वर नेल्या. माझे गुडघे त्या जिन्यावर बोलले, पण ते असू दे.

ती बाथरूमच्या दाराशी येऊन उभी होती. बादल्या बघितल्या. वरच्या नळाकडं बघितलं. सगळं कळलं तिला. स्टुलावर बसवली. तिनं साबणाचा कागद नखानं सोडवला. वास येईल वाटलं होतं, पण इतक्या वर्षांत वास उडून गेलेला. फेस मात्र आला. मी मगानं पाणी घालत राहिलो, खांद्यावर, पाठीवर. पाठीची हाडं मोजता आली असती. मी बघितली नाहीत, पाण्याकडं बघत राहिलो.

“कढत आहे?” मी विचारलं.

“आहे.”

“आणखी घालू?”

“घाला. आज शेवटचं पाणी मला नको, पहिलंच घाला.”

दुसरी बादली निम्मी झाली तेव्हा तिनं वर बघितलं आणि विचारलं, “ते वरनं पडतं तेव्हा कसं लागतं हो अंगाला?”

मला काय ठाऊक. इतकी वर्षं ते नळ मी घासले, पितळेसारखे चमकवले, जाळीतला चुना सुईनं काढला. खाली एकदाही उभा राहिलो नव्हतो. म्हटलं, “असंच लागतं. मगानं घातल्यासारखं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली.

नंतर त्या पलंगावर झोपली. ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी झोपली होती. उठवून घरी आणली. रिक्षात म्हणाली, छान होतं. आता ते माझ्यासाठी म्हणाली का खरंच, मला सांगता येत नाही. पोरगी म्हणते, बाबा, आईची इच्छा तुम्ही पुरी केली. जावई म्हणतो. सुपरवायझरसुद्धा म्हणतो. मी कुणाचं ऐकत नाही. तिला वरच्या नळाचं पाणी हवं होतं. बादलीतलं मिळालं. बादलीतलं घरी पण होतं.

संक्रांतीच्या आधी गेली. सकाळी, पोरगी आणि मी दोघं जवळ होतो.

नेण्याआधी अंघोळ घालतात. अंगणात तीन दगड मांडले, वर न्हाणीचा तोच हंडा ठेवला. माझे दिवाळीतले वाकडे पट्टे त्याच्यावर अजून होते, धुरानं काळे व्हायला लागले. त्या आठवड्यात नळ आला नव्हता, पण गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकेक घागर आणून ओतली. कुणाला मागावी लागली नाही. हंडा काठोकाठ भरला. मी चुलीशी बसलो. गल्लीतला एकजण म्हणाला मी बसतो, पण मी उठलो नाही.

आत बाया होत्या. थोड्या वेळानं शेजारची अक्का रिकामी कळशी घेऊन बाहेर आली. डोळे रडून लाल. मला म्हणाली, “अण्णा, बिसिनीर ऐतेनु?”

गरम पाणी आहे का.

‘सी, सिन्योरा’ तोंडाशी आलं होतं. म्हटलं नाही. कळशी तिच्या हातातनं घेतली आणि भरून दिली. परत आली, परत भरून दिली. मागत होत्या तोवर देत होतो. मग कुणीतरी आतून म्हणालं, साकु, पुरे झालं. हंड्यात अजून निम्मं पाणी होतं.